आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायला नाशिकच्या मुलीने दिल्ली गाठावी का?

गोदाकाठ (धागाकर्ती)

मी नाशिकमध्ये राज्यशास्त्र शिकवते. टीवायबीएच्या एका विद्यार्थिनीला सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेतून दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाच्या ‘स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज’मध्ये जागा मिळते आहे. मुलगी दिंडोरी तालुक्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यम. घरच्यांचं म्हणणं, बीएड कर नाहीतर एमपीएससीचा क्लास लाव. परवा तिचे वडील कॉलेजात आले आणि उभ्याउभ्याच विचारलं, “मॅडम, हे शिकून ती होणार काय?” मी म्हटलं, पाठवा. का म्हटलं ते इथे मांडते. न पटल्यास खोडून काढा.

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा विषय, असं आपण धरून चालतो. आपल्या जिल्ह्यात तरी तसं म्हणायला जागा नाही. देशाचा पासपोर्ट छापला जातो नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात आधी मिग बनले, मग सुखोई-३०, दोन्ही रशियन परवान्यावर. आता तिथेच तेजस मार्क-१ए बनतंय, आणि त्याचं इंजिन अमेरिकेतून वेळेवर आलं नाही म्हणून विमानं रखडली. कांदा-द्राक्षांचं तर सांगायलाच नको. तरीही या गोष्टींचा शास्त्रशुद्ध अभ्यास केलेली माणसं नाशिकमध्ये शोधायला गेलं तर हाताला लागत नाहीत.

माझं मत एवढंच: या विषयात एमए करावं, पण एक प्रदेश आणि त्या प्रदेशाची एक भाषा पक्की धरून करावं. ‘आयएफएस (परराष्ट्र सेवेत) होईन’ एवढ्याच आशेवर करू नये. त्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते आणि देशभरातून वर्षाला मोजकीच मुलं घेतात.

सिडकोकर

मॅडम, तळमळ समजते, पण मी त्या वडिलांच्या बाजूने आहे. मी स्वतः एका मुलीचा बाप आहे. दोन वर्षं दिल्ली, नंतर प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा आणि पीएचडी म्हणजे आणखी पाच-सहा वर्षं. तोवर बरोबरीच्या मुली नोकरीला लागून स्थिरस्थावर झालेल्या असतात. बीएडला निदान शिक्षक भरतीची वाट तरी दिसते. एमए आंतरराष्ट्रीय संबंध अशी पात्रता मागणारी जाहिरात तुम्ही नाशिकच्या पेपरात कधी पाहिलीत का? मी नाही पाहिली. जिल्ह्यावर जगाचा परिणाम होतो हे खरंच आहे, म्हणून जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीने तो दोन वर्षं शिकावा हे त्यातून निघत नाही.

निफाडची बाग

मी द्राक्ष निर्यातदार शेतकरी. वरच्या दोघांचंही अर्धंअर्धं पटतं.

२०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश जास्त निघाला म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली. त्या हंगामात किती घरं बसली ते मी पाहिलंय. नंतर आम्हाला वर काढलं ते प्रयोगशाळांनी, ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतल्या नोंदींनी आणि फवारणीची वही नीट ठेवायला लावणाऱ्या कृषी पदवीधर पोरांनी. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले, कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, भाडं वाढलं, माल उशिरा पोचला. तेव्हा आम्ही फोन केले ते शिपिंग एजंटला आणि तिकडच्या खरेदीदाराला. एमए झालेल्या कुणाची आठवण झाली नाही, आणि झाली असती तरी त्याने काय केलं असतं?

त्यापेक्षा मुलीने कृषी व्यवसाय किंवा परदेशी व्यापार शिकावा. हेच सगळं त्यातही येतं, वर कागदपत्रं करता येतात.

गोदाकाठ

निफाडच्या दादा, तुमचा मुद्दा वजनदार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अंशाचा प्रश्न प्रयोगशाळेने सोडवला, मान्य. कारण युरोपचा नियम लिहिलेला होता, तो पाळायचा होता. कांद्याचं तसं नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण निर्यात बंद केली. चारच दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. तिथल्या व्यापार मेळाव्यात त्यांनी सांगितलं की स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, आणि आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. लोक हसले. पण पुढे ढाक्याने तुर्कस्तान, इजिप्त, म्यानमार, चीनकडून कांदा आणला आणि स्वतःचं पीक वाढवायला जोर लावला. २०२० च्या सप्टेंबरात आपण पुन्हा बंदी घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क लावलं, लासलगावसह बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. त्याच डिसेंबरात संपूर्ण बंदी आली. ती लागू असतानाच मार्च २०२४ मध्ये बांगलादेशसाठी ५०,००० टनांची सरकारी मार्गाने वेगळी परवानगी निघाली.

ही शेवटची गोष्ट नीट बघा. शेतकऱ्याला बंदी, व्यापाऱ्याला बंदी, पण शेजारी देशाशी संबंध सांभाळायचे म्हणून सरकार ते सरकार कांदा जातो. हा निर्णय बाजारभावाच्या तक्त्यात सापडत नाही. ढाक्यात कुणाचं राज्य आहे, तिथे रमजान कधी आहे, चीन तिथे काय बांधतोय, आपल्याला त्यांच्याकडून काय हवंय, हे कळणारं माणूस आपल्या बाजूला असतं, तर गिऱ्हाईक हातचं जातंय हे २०१९ लाच ओरडून सांगता आलं असतं. एजंट तुम्हाला जहाज कुठे आहे ते सांगतो. पुढच्या वर्षी दार उघडं असेल का, हे सांगणं त्याचं काम नाही.

पूर्वी गंगोत्री

(नाव पाहून जेएनयूवाल्यांना हॉस्टेल ओळखू येईल.) मी याच स्कूलमधून एमए केलं, गाव सिन्नर. आता मुंबईत एका सल्लागार कंपनीत देशनिहाय राजकीय जोखमीचे अहवाल लिहिते. नोकऱ्या आहेत. त्या नाशिकच्या पेपरात येत नाहीत, एवढंच. विचारगट (थिंक टँक), दूतावासांचे स्थानिक विभाग, विमा आणि जहाज कंपन्या, बातमीदारी. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, हेही सांगते.

पण मॅडमनी एक गोष्ट सोडून दिली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे. इंग्रजी. पहिल्या सत्रात केनेथ वॉल्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाचं १९७९ चं सिद्धान्ताचं पुस्तक समोर येतं. राष्ट्रांवर सत्ता चालवणारं कुणी नाही, म्हणून प्रत्येक जण आपापली सुरक्षा बघतो, हा मुद्दा मराठीत सांगितला तर बारावीचं पोर समजेल. तोच चाळीस पानी इंग्रजीत वाचून आठवड्यात त्यावर निबंध द्यायचा असतो. माझ्या वर्गातली हुशार मराठी, तेलुगू मुलं चर्चेत तोंड उघडत नव्हती. बुद्धी कमी नव्हती, वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. रात्री मेसनंतर आम्ही दोघी-तिघी बसून आधी मराठीत वाद घालायचो आणि मग इंग्रजीत लिहायचो. त्यानेच निभावलं.

फीबद्दल: तिथली शिकवणी फी नाममात्र आहे. पैसे लागतात ते मेस, पुस्तकं आणि येण्याजाण्याला. खासगी विद्यापीठांत हाच विषय काही लाखांत जातो. तिकडे कर्ज काढून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

मखमलाबाद

मग इंग्रजीचा एवढा अडसर असेल तर दिल्ली हवीच कशाला? पुणे विद्यापीठाच्या एमए राज्यशास्त्रात आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पेपर आहेत, मराठीत लिहिता येतात, आणि ते नाशिकच्या कॉलेजात राहून होतं. पुण्यात संरक्षण व सामरिकशास्त्राचा वेगळा विभाग आहे. यूपीएससीची मुख्य परीक्षासुद्धा मराठीत देता येते. यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये याच नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, तेव्हा ते संरक्षणमंत्री होते. पुढे १९७४ ते ७७ परराष्ट्रमंत्री झाले. त्यांचं शिक्षण कोल्हापूर-पुण्यात झालं.

आपल्याकडची चांगली मुलं दिल्लीला पाठवत राहायचं आणि इथले विभाग ओस पडू द्यायचे, हे मला मान्य नाही. मॅडम, तुम्ही स्वतः इथे शिकवता. तुमच्याच वर्गात हा विषय नीट शिकवला जात नाही का?

गोदाकाठ

शिकवला जातो, जिवापाड शिकवते. पण खरं काय ते सांगते. माझ्या वर्गात बांगलादेशावर एक प्रकरण आहे. दिल्लीत दक्षिण आशियासाठी स्वतंत्र केंद्र आहे, शिवाय पश्चिम आशिया, रशिया, आफ्रिका यांची वेगळी केंद्रं. ही संस्था १९५५ पासून चालू आहे, दिल्लीतल्याच सप्रू हाऊसमध्ये सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत आली. इतक्या वर्षांत जमलेलं ग्रंथालय आणि त्या देशांत राहून आलेले शिक्षक मी नाशिकमध्ये कुठून आणू? इथले विभाग सुधारायलाच हवेत, त्यात तुमच्याबरोबर आहे. पण ते सुधारेपर्यंत या मुलीने थांबायचं का?

सिडकोकर

पूर्वी गंगोत्री यांनी पगार बेताचा म्हटलं, त्याबद्दल धन्यवाद, स्पष्ट बोललात. माझं मत बदललं नाही. मात्र फी नाममात्र असेल तर एक पर्याय सुचतो: मुलीला पाठवा, पण घरच्यांना आधीच सांगा की दोन वर्षांनी ती परत आली तर बीएडचं दार बंद झालेलं नसेल. एमएनंतरही बीएड होतं. बापाला एवढा भरवसा लागतो.

निफाडची बाग

मॅडम, २०१९ चं तुमचं म्हणणं मी रात्री दोनदा वाचलं. बांगलादेशने द्राक्षांवरही आयात शुल्क चढवून ठेवलंय, माझा लोकल माल तिकडे जायचा तो घटला. ते का चढवलं आणि कमी व्हायला कुणाशी बोलावं लागेल, हे आमच्या संघात एकालाही धड सांगता येत नाही. तरी माझा प्रश्न कायम आहे. ती मुलगी हे सगळं शिकून दिल्ली-मुंबईतच राहिली, तर निफाडला काय?

पूर्वी गंगोत्री

दादा, संघाने विचारलं तर माणसं येतात. मला सिन्नरहून आजवर कुणी विचारलेलं नाही. तुमच्या संघाच्या बांगलादेश शुल्काच्या प्रश्नावर मी टिपण लिहून देईन, मराठीत, पैसे न घेता. गेल्या काही हंगामांतली तुमची निर्यात बिलं आणि तिकडच्या खरेदीदाराने भरलेल्या शुल्काचे कागद मिळाले तर काम लवकर होईल.

आणि मॅडम, त्या मुलीला सांगा, परदेशी भाषा निवडताना सगळे फ्रेंच-जर्मनकडे धावतात. तिने बांगला घ्यावी. देवनागरी वाचणाऱ्याला लिपी लवकर येते, आणि ढाक्याचे पेपर थेट वाचता येणारं माणूस नाशिक जिल्ह्यात मला तरी माहीत नाही.