मॉरिसन्स जिग: हा मॉरिसन कोण, आणि चाल काफीतली का वाटते?

कोथरूडची_कमान
नमस्कार मंडळी. मी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकतेय. सरांनी सध्या 'मॉरिसन्स जिग' ही आयरिश नाचाची चाल दिली आहे. नोटेशनवर नुसतं 'आयरिश, पारंपरिक' लिहिलंय. पारंपरिक असेल तर मॉरिसन मध्येच कुठून आला? आणि मी वाजवायला लागले की आई स्वयंपाकघरातून ओरडते, "अगं, हे काफीत चाललंय!" ती भारत गायन समाजात शिकलेली, वाद घालायची माझी टाप नाही. सोसायटीच्या गणपतीत वाजवणार आहे. निवेदनात काय सांगू?

पर्वतीवरून
असेल कुणी तरी जुना शेतकरी. 'प्राचीन लोकधून' म्हणून मोकळं व्हा, गणपतीत सगळं खपतं.

गज_आणि_राळ
नाही खपत. पहिल्या रांगेत आमच्यासारखे खडूस म्हातारे बसतात.

जेम्स मॉरिसन हा चांगला नोंदीतला फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला. १८९० च्या दशकात आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात जन्म, पुढे अमेरिकेला गेला, १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये वारला. तिथे शिकवण्या करायचा, लोक 'प्रोफेसर' म्हणायचे. स्लायगोचेच फिडलवाले मायकल कोलमन आणि पॅडी किलोरनही न्यूयॉर्कलाच. या तिघांनी ७८ आरपीएमच्या तबकड्या भरल्या, त्या मायदेशी पोचल्या आणि तिकडची पोरं आपल्या गावची चाल सोडून स्लायगोचा बाज उचलायला लागली. घराणं गावात राहिलं आणि गादी परदेशात गेली, असा प्रकार.

तुमची जिग मात्र मॉरिसनने बांधलेली नाही. ती त्याला टॉम कार्मोडी या केरी परगण्यातल्या अकॉर्डियनवाल्याने दिली आणि कार्मोडीकडे ती वडिलांकडून आलेली. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्री शिकवली असं सांगतात. कार्मोडी तिला 'द स्टिक अक्रॉस द हॉब' म्हणायचा. १९३६ साली तबकडी निघाली तिच्यावर नाव पडलं ते वडिलांचं, 'मॉरिस कार्मोडीज फेव्हरिट'. म्हणजे मॉरिसनने श्रेय लाटलं नव्हतं हो. लोकांनी तबकडी ऐकली, चाल उचलली आणि ज्याचं ऐकलं त्याचं नाव लावलं. तिकडे हे सर्रास चालतं. एका चालीला चार नावं असतात आणि एका नावाच्या तीन चाली.

(जाता जाता: आपल्याकडे भातखंडे बंदिशी गोळा करत होते त्याच काळात शिकागोचा पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील आयरिश चाली उतरवून घेत होता. १९०३ च्या त्याच्या पुस्तकात १८५० चाली आहेत. पोलीस खात्यातून असंही काम होतं.)

आता तुमच्या मातोश्री. त्यांचा कान पक्का आहे. 'ई' ला सा धरा: गंधार आणि निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. काफी थाटच, म्हणजे स्वरांचा साचा तोच. पण काफी राग नव्हे, आणि खरी गंमत पुढेच आहे. सुरुवात बघा: सा लांब, प लांब, मग सा-प-सा, म-रे-नि, तो नि खालचा, तुमची मोकळी 'डी' तार. प्रचलित पाठात पहिल्या भागाच्या आठ बारांपैकी (एक बार सहा मात्रांचा) पहिल्या सहा बारांत गंधार येतच नाही. तोवर कान सारंगाकडे झुकतो (त्यात गंधार-धैवत नसतात), मध्ये नि-ध-प म-रे-नि आलं की धैवत तो भास मोडतो. आणि सातव्या बारला कोमल गंधार चांगला तीन मात्रा ठाण मांडतो. तो जरा मोकळेपणाने वाजवा, आईला स्वयंपाकघरातून बाहेर यावं लागेल.

आणखी एक. सुरुवातीच्या लांब सा आणि प वर ते लोक 'रोल' घेतात: मूळ स्वर, वरच्या बोटाचा टिचका, पुन्हा मूळ, खालचा टिचका, पुन्हा मूळ. टिचक्याचा स्वर ऐकू येता कामा नये, नुसता ठोका. माझ्याकडे येणारी मुलं तिथे हमखास मुरकी घालतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर अजिबात नको.

लक्ष्मीरोड_ते_लिफी
काकांशी सहमत. डब्लिनला नोकरीला होतो तेव्हा पबमधल्या सेशनला जाऊन बसायचो. टेबलाभोवती फिडल, बासरी, कॉन्सर्टिना, कुणाच्याही समोर कागद नाही. एक चाल दोन-तीनदा फिरवतात आणि न थांबता दुसरीत शिरतात. मी एकदा शेजारच्या आजोबांना चालीचं नाव विचारलं, त्यांनी पलीकडच्याला विचारलं, त्याने खांदे उडवले. वाजवत मात्र दोघेही बिनचूक होते.

कोथरूडची_कमान
बाप रे, सगळ्यांचे आभार! काका, शेवटचं एक. आमच्या इमारतीतला एक मुलगा तबल्यावर साथ करतो म्हणतोय. सहा मात्रा आहेत तर दादरा चालेल ना?

गज_आणि_राळ
मात्रा जुळतील, वजन जुळणार नाही. दादऱ्यात चौथ्या मात्रेला खाली येते, म्हणजे तिथे वजन नसतं. जिग नाचाची, तिथे पहिल्या आणि चौथ्या दोन्ही मात्रांना पाय पडतो. त्याला सांगा, चौथीलाही बायाँ (डग्गा) भरून वाजव, आणि दुसऱ्या भागात तुम्ही वरच्या सप्तकात गेलात की लग्गी (जलद, चटपटीत बोल) सुरू करू नकोस. तो करणारच. म्हणून तालमीला आईला समोर बसवा.