गुडघा बदलायच्या ऑपरेशनआधी आमवाताची औषधं थांबवावी का? मदत हवी आहे

आईला १४ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. सकाळी तासभर बोटं मिटतच नाहीत, नळसुद्धा ती तळहाताने ढकलून उघडते. पुढच्या महिन्यात उजवा गुडघा बदलायचा आहे. आठवड्याला मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आणि दर दोन आठवड्यांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन चालू आहे; दोन्ही औषधं प्रतिकारशक्ती दाबून सांध्यांची सूज आवरतात.

सर्जन म्हणतात, जंतुसंसर्ग नको म्हणून महिनाभर आधी दोन्ही बंद करा. पण अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना वाचल्या. त्यांत मेथोट्रेक्सेट चालूच ठेवा असं आहे. इंजेक्शनचा फक्त एक डोस टाळायचा, म्हणजे शेवटच्या इंजेक्शननंतर तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन येतं, आणि जखम नीट भरत असेल, टाके निघाले असतील, तर ऑपरेशननंतर साधारण १४ दिवसांनी पुन्हा सुरू करायचं.

मागे एकदा गोळ्या सुटल्या तेव्हा तिची मनगटं इतकी सुजली की काठीही धरवेना. ऑपरेशननंतर वॉकर तर हातांनीच धरायचा ना! मला तीच धास्ती आहे.

कुणाच्या घरी असं झालंय का? औषधं चालू ठेवली होती का, जखम कशी भरली? आणि सर्जन व ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) यांना एकमेकांशी बोलायला लावायचं कसं? दोघंही माझ्यामार्फतच निरोप देतात. कृपया अनुभव सांगा.