मदत हवी आहे: डिझेल फोर बाय फोर चढाला दम सोडते, इंजेक्टर उतरवण्याआधी काय तपासू?

मंडळी, नाशिकहून लिहितोय. गाडी बीएस-४ मधली, चार सिलिंडर, टर्बो, कॉमन रेल डिझेल (पंप एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दाबाने डिझेल भरतो आणि इंजेक्टर ते तिथून सिलिंडरमध्ये फवारतात). कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की धागा ‘ती गाडी घेतलीच कशाला’ यावर घसरतो. लाखाच्या वर पळालेली आहे. एरवी हरसूलकडच्या शेतावर जाते, शेवटचा तुकडा कच्चा आणि उभ्या चढाचा. पावसाळ्यात आमच्या टोळक्याबरोबर डोंगरातही.

शहरात काहीच त्रास नाही. द्वारका ते पाथर्डी फाटा कितीही चालवा, तक्रार करायला जागा नाही. पण चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल अर्ध्याच्या पुढे दाबलं की आधी बारीकसा गचका, क्षणभर अडखळणं, आणि मग ताकदच गायब. आरपीएम दोन हजारांच्या आसपास. पॅडल जरा सोडलं की सावरते, दाबलं की पुन्हा तेच. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना एखाद्या ट्रकला ओलांडायला जावं आणि नेमकं तेव्हा हे व्हावं, म्हणजे मागचे हॉर्न ऐकत बसायचं. जास्तच ताणलं तर चेक इंजिनचा दिवा लागतो आणि मग काही केल्या गाडी उचलत नाही. बाजूला घेऊन किल्ली बंद-चालू केली की परत माणसात येते.

एक गोष्ट मला खटकते. टाकी भरलेली असली की हा त्रास उशिरा सुरू होतो. अर्ध्याच्या खाली गेली, त्यात शेताच्या चढावर नाक वर असलं, की लो रेंजमध्येसुद्धा (फोर बाय फोरचे हळू पण जास्त जोराचे गिअर) लगेच. दोन मेकॅनिकना दाखवली, हे सांगितलं, दोघांनीही ऐकून सोडून दिलं.

काळा धूर नाही. टर्बोची शिट्टी किंवा कुठून हवा निसटल्याचा आवाज नाही. थंड असो की गरम, अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. आयडल स्थिर. डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर नवीन, फिल्टरच्या तळाशी पाणी निघालं नाही. इंटरकूलरचे होज उतरवून पाहिले, क्लिपा आवळल्या. ईजीआर (एक्झॉस्टचा काही वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला, त्याने काही फरक नाही.

ब्लूटूथ स्कॅनर लावून चढावर मित्राला आकडे बघायला बसवलं. आयडलला रेल प्रेशर साधारण २८० बार. चढाला पॅडल दाबल्यावर ते सहाशे-साडेसहाशेपर्यंत जातं आणि तिथून खाली घसरतं. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचं, प्रेशर मात्र तोवर २०० किलोपास्कलच्या पुढे गेलेलं असतं. कोड आहे पी ००८७.

अंबडच्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं चारही इंजेक्टर काढू. दुसरा हाय प्रेशर पंपावर अडून बसलाय. दोन्ही कामं खिशाला मोठी भोकं पाडणारी, आणि दोघांनीही गेज म्हणून काही लावलेला नाही. मला एवढंच हवंय: पंपाच्या आधी अडलंय की पंपात की पंपाच्या पुढे, हे भाग न बदलता कसं वेगळं करायचं?

प्रतिसाद: घाटवळण

आकडे दिलेत ते बरं केलंत, नाहीतर ‘पिकअप नाही’ एवढ्यावर दोन पानं धागे चालतात. मॅनिफोल्डचा आकडा एकूण दाबाचा असतो. नाशिकच्या उंचीवर इंजिन बंद ठेवून किल्ली दिली तर तो साधारण ९५ दिसेल, म्हणजे समुद्रसपाटीच्या १०१ पेक्षा थोडा कमी. तुमचा दोनशेच्या वर जातोय, म्हणजे टर्बो त्याचं काम करतोय. हवा कमी पडली असती तर डिझेल न जळता काळा धूर आला असता. धूर नाही, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आहे आणि रेलचा दाब पडतो, म्हणजे डिझेल पोचत नाही. पी ००८७ चा अर्थही तोच, रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी. दिवा लागल्यावर जी मरगळ येते तो लिंप मोड, इंजिन वाचवायला गाडी स्वतःच ताकद कमी करते. तो परिणाम आहे, आजार नव्हे.

प्रतिसाद: जुना_जीपवाला

इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट ढिला करून बघा. ज्याने आवाज बदलणार नाही तो इंजेक्टर गेला. आम्ही वर्षानुवर्षं हेच केलंय.

प्रतिसाद: नोझलकर

वरचा सल्ला कृपया कुणीही कॉमन रेलवर वापरू नका! जुन्या यांत्रिक पंपाच्या जीपवर हे चालून गेलं, तिथे दाब फक्त इंजेक्शनच्या क्षणी येतो. इथे रेलमध्ये तो सतत असतो, भाराखाली हजार बारच्या वर. सुईच्या भोकाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडी फोडून आत जाते. जखम बाहेरून किरकोळ दिसते आणि बोट कापायची वेळ येते. चालू इंजिनवर हाय प्रेशर नळीला पान्हा लावायचाच नाही.

मी मायको सर्कलच्या परिसरात नोझलच्या कामात आयुष्य काढलं, म्हणून इंजेक्टरवर आळ आला की आधी पुरावा मागतो. इंजेक्टर आतून गळत असले तर बहुधा पहिली तक्रार गरम इंजिन चालू होताना येते, कारण सेल्फच्या वेगावर दाबच तयार होत नाही. तुमची गाडी अर्ध्या सेल्फमध्ये लागते. तरी खात्री हवी असेल तर इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडा आणि आयडलवर पाहा. एखादी बाटली बाकीच्यांच्या कितीतरी पुढे भरली तर तो संशयित. चौघी जवळपास सारख्या भरल्या तर इंजेक्टरचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

मग कॅनची चाचणी. फिल्टरकडे येणारी टाकीची नळी सोडवा आणि तिथे स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नवी नळी जोडा. पारदर्शक, डिझेलला टिकणारी घ्या, म्हणजे बुडबुडे असतील तर दिसतील. परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडायची, लोक हेच विसरतात आणि कॅन बघता बघता रिकामा होतो. परतीचं डिझेल गरम असतं, तेव्हा कॅन केबिनमध्ये नको. एक्झॉस्टपासून लांब, नीट बांधून ठेवा. हॅण्ड प्रायमरने हवा काढा आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये चालवा. कॅनवर रेल वर गेली तर पंप निर्दोष, दोष टाकी ते फिल्टरच्या दरम्यान. तरीही पडली तर मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा) आणि पंपाकडे वळा.

आणि हो, टाकी अर्ध्याखाली गेल्यावर त्रास वाढतो हे तुम्ही लिहिलंत, माझं लक्ष तिथेच अडकलंय.

प्रतिसाद: रानवाटा

कॅनच्या आधी एक फुकटची चाचणी. ताकद गेली की लगेच थांबून टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर टाकीचा ब्रीदर (टाकीत हवा येण्याची वाट) चिखलाने बुजलाय. आमच्यात एकाला पावसाळी ट्रेलनंतर हेच झालं होतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. झाकण उघडून पाहिलं, काही आवाज नाही. बाटल्या जवळपास बरोबरीने भरल्या.

कॅन मागच्या बाहेरच्या कॅरियरला बांधला आणि नांदुरीहून सप्तशृंगगडाच्या घाटात नेली. तिथे सलग चढ मिळतो आणि सकाळी लवकर गर्दी कमी असते. तिसऱ्या गिअरमध्ये पॅडल तळाला टेकवलं, रेल अकराशेच्या वर गेली आणि तिथेच राहिली. अडखळली नाही. नळीत बुडबुडाही नाही. परत येऊन टाकीची नळी जोडली, इकडच्या पहिल्याच चढावर जुनं दुखणं हजर.

टाकी उतरवली. आत डिझेल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला उभी जाळी आहे. तिचा खालचा निम्मा भाग तपकिरी, बुळबुळीत थराने लिंपलेला, वरचा भाग बऱ्यापैकी मोकळा. म्हणजे टाकी भरलेली असताना वरच्या मोकळ्या जाळीतून डिझेल मिळत होतं. पातळी उतरली की बुजलेलाच भाग डिझेलमध्ये उरत होता. नाक वर झालं की तेवढंही सरकत असणार. शहरात पंपाची मागणीच कमी, म्हणून तिथे कळत नव्हतं.

आता प्रश्न एवढाच: जाळी धुऊन तीच बसवू की नवीन घेऊ? टाकीला आतून काय लावू?

प्रतिसाद: नोझलकर

नवीन घ्या. धुतलेल्या जाळीच्या बारीक भोकांत थर उरतो आणि लवकर पुन्हा धरतो. तो बुळबुळीत प्रकार पाण्यावर वाढतो, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे. त्यामुळे टाकी पाण्याने धुऊ नका. डिझेलनेच खळखळवा, तळाचा गाळ पूर्ण काढा, कोरड्या कापडाने पुसा, धागे सोडणारं फडकं नको. आतून रंग वा कोटिंग लावायच्या फंदात पडू नका, सुटलेली पापुद्री थेट फिल्टरवर येते. फिल्टर नवीन असला तरी टाकी बसवल्यावर परत बदला आणि पुढच्या काही टाक्या होईपर्यंत त्याच्या तळाचा ड्रेन उघडून बघत राहा. गाडी पावसाळ्यात उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड झाली की पाणी तिथूनच उतरतं.

शेवटी स्कॅनरवरून कोड पुसा आणि कसाऱ्याला जाऊन या. रेलचे आकडे इथे टाका.