बंब आला, पण बंबावर माणसे किती असावीत?

कापूसकाठ (यवतमाळ जिल्हा) यांचा प्रश्न

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपंचायतीला अग्निशमन बंब मिळून दीड वर्ष झाले. गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या शिवारात सोंगून रचलेल्या सोयाबीनच्या दोन गंज्या पेटल्या. गाव तालुक्यापासून 22 किलोमीटरवर आहे. आम्ही लगेच फोन केला, परंतु बंबाचा चालक त्या दिवशी पाण्याच्या टँकरवर गेलेला होता, किल्ली त्याच्याच खिशात होती आणि जो दुसरा माणूस सापडला त्याला गाडी चालवता येत असली तरी पंप सुरू करता येत नव्हता. बंब पोहोचला तेव्हा आम्ही दताळ्याने राख उपसत होतो. ज्यांच्या गंज्या होत्या त्यांचे वर्षाचे पीक तेवढेच होते.

मला कोणावर दोष ठेवायचा नाही. शहरात अग्निशमन केंद्र कुठे बांधायचे आणि त्यावर किती माणसे नेमायची हे कोणत्या हिशेबाने ठरवतात, आणि तो हिशेब आमच्यासारख्या ठिकाणी किती लागू पडतो, हे जाणकारांनी सांगावे. नगरपंचायतीच्या पुढच्या सभेपूर्वी मला नीट निवेदन द्यायचे आहे.

निवृत्त स्थानक अधिकारी, नागपूर

भाऊ, शहराचा हिशेब मिनिटांपासून सुरू होतो. फोन आल्यापासून पहिली गाडी आगीपाशी किती वेळात उभी राहिली पाहिजे हे आधी ठरते आणि मग नकाशावर केंद्राची जागा शोधली जाते. आपल्या देशात शहरी भागासाठी 5 ते 7 मिनिटे आणि ग्रामीण भागासाठी 20 मिनिटे हे प्रमाण धरले जाते. केंद्र शासनाच्या स्थायी अग्नि सल्लागार परिषदेने शहरात 10 चौरस किलोमीटरमागे आणि ग्रामीण भागात 50 चौरस किलोमीटरमागे एक केंद्र असावे असे सुचवलेले आहे. 50 चौरस किलोमीटर म्हणजे केंद्राभोवती जेमतेम चार किलोमीटरचे वर्तुळ. एखादा तालुका हजार चौरस किलोमीटरचा धरला, तर या मापाने त्याला वीस केंद्रे लागतील. आपल्याकडे एका बंबावर सगळा तालुका अवलंबून असतो, त्यामुळे 22 किलोमीटरवरचे गाव चालक जागेवर असता तरी 20 मिनिटांत बसणे कठीणच होते.

जागा निवडताना आम्ही आणखीही पाहत असू. रेल्वे फाटकाच्या पलीकडे केंद्र बांधले तर फाटक पडल्यावर अर्धे शहर तुटते. बाजाराच्या गल्लीत बांधले तर आठवडी बाजाराच्या दिवशी गाडीच बाहेर निघत नाही.

आता माणसांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे दुखणे तेच आहे. पाण्याच्या एका मोठ्या बंबावर एक अधिकारी किंवा लीडिंग फायरमन, पंप चालवू शकणारा एक चालक आणि चार फायरमन अशी सहा माणसे असावी लागतात. दोघे नळी धरतात, दोघे नळी पसरवतात आणि आत शिरणाऱ्याला साथ देतात. पुष्कळ ठिकाणी इथेच गल्लत होते आणि सहा पदे मंजूर करून काम झाले असे समजले जाते. परंतु आठवड्याचे तास 168 असतात. सहा जागा चोवीस तास भरायच्या तर 1008 तासांचे काम होते, आणि एक माणूस आठवड्याला 48 तास काम करतो असे धरले तर 21 माणसे लागतात. त्यात रजा, आजारपण आणि प्रशिक्षण मिळवा, म्हणजे एका बंबामागे सुमारे 25 पदे होतात. गाडीची किंमत एकदाच द्यावी लागते, पगार दरमहा द्यावा लागतो. म्हणून गाडी येते आणि माणसे येत नाहीत.

निवेदनात कायद्याची बाजूही मांडा. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांत आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ती नाही. खेड्यातील आग नेमकी कोणाची जबाबदारी, हा प्रश्न तिथेच लोंबकळत राहतो. तुमची नगरपंचायत बाहेरच्या गावांना बंब पाठवते तो आपल्या हद्दीबाहेर जाऊन, आणि त्या खर्चाची तरतूद जिल्हा पातळीवर व्हायला हवी असा आग्रह तुम्ही रास्तपणे धरू शकता.

हिंगणघाटकडील जिनिंगमध्ये काम करणारा

साहेबांचे म्हणणे खरे आहे. केवळ संख्येवर जाऊ नये, एवढेच मला जोडावेसे वाटते. कापसाची आग वरून विझलेली दिसते आणि ढिगाच्या पोटात धुमसत राहते. वरून पाणी मारून बंब निघून गेला की मध्यरात्री तोच ढीग पुन्हा पेटतो. ढीग फोडून, कापूस पसरवून, थर भिजवत जावे लागते आणि त्याला तासन्‌तास माणसे लागतात. सहाजणांची एक फळी थकली की दुसरी कुठून आणायची, हे शेजारच्या नगरपरिषदेशी आणि जवळ औद्योगिक क्षेत्राचे केंद्र असेल तर त्यांच्याशी आधीच लेखी ठरवून ठेवावे. आग लागल्यावर फोन शोधत बसण्यात फार वेळ जातो.

कापूसकाठ

दोघांचेही मनापासून आभार. 25 पदांची मागणी एका सभेत मान्य होणार नाही हे मला दिसते; तरी चालकाला टँकरवर पाठवू नये आणि पंप चालवणारी किमान दोन माणसे प्रत्येक पाळीत असावीत, एवढे मी पहिल्याच निवेदनात मागणार आहे. एक शंका उरते. आमच्या शिवारात विहिरी पुष्कळ आहेत. बंबाने तिथूनच पाणी ओढून घेतले तर चालेल ना?

निवृत्त स्थानक अधिकारी, नागपूर

पावसाळ्यानंतर चालेल, उन्हाळ्यात सहसा नाही. बंबाचा पंप साधारण सात मीटरपेक्षा खोल पाणी ओढू शकत नाही आणि चैत्र-वैशाखात आपल्या विहिरींचे पाणी त्याच्या खाली गेलेले असते. साधारण 4500 लिटरची टाकी मिनिटाला 450 लिटर फेकणाऱ्या एका नळीने दहा मिनिटांत रिकामी होते. म्हणून गावाच्या पाण्याच्या टाकीलाच 63 मिलिमीटरचे, बंबाच्या नळीला बसणारे तोंड लावून घ्या. शेतातल्या मोटारीवर भरवसा ठेवू नका, थ्री फेज वीज प्रत्येक वेळी असतेच असे नाही. ते तोंड बसवल्यावर बंब एकदा गावात बोलवा, नळी जोडून पाहा आणि टाकी भरायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजा.