मदत हवी आहे : मिक्सर जर्मनीला न्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे, विश्रामबागला राहतो. मुलगा, सून आणि चार वर्षांची नात जूनपासून म्युनिकला आहेत. भाड्याचं घर मिळालं, पण स्वयंपाकघर म्हणजे नुसत्या चार भिंती आणि नळाचे दोन पाइप! ओटा, सिंक, शेगडी सगळं भाडेकरूनंच आणायचं, तिकडं बऱ्याच घरांना अशीच रीत आहे म्हणे. पहिले पंधरा दिवस सूनबाईनं बाथरूमच्या बेसिनमध्ये भांडी घासली.

आता दिवाळीला आम्ही दोघं निघालोय. साताऱ्याचे कंदी पेढे न्यायचे होते, पण दुधाचे पदार्थ इथून सामानात नेऊ देत नाहीत. तूपही गेलं. ह्यांचं तोंड तेव्हापासून उतरलंय. भडंग, हळद, बेदाणे भरलेत.

विचारायचं ते असं. वीज तिकडंही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच, म्हणजे आपला 750 वॅटचा मिक्सर चालायला हवा. पण तीन पिनांचा प्लग तिथं बसत नाही. साधा प्रवासातला अडॅप्टर एवढा भार घेईल, की तिथला प्लगच बसवून घ्यावा? कुणी नेलाय का? आणि रविवारी तिकडं आवाज केलेला चालत नाही म्हणतात, मग चटणी शनिवारीच वाटून ठेवता का तुम्ही?