बारावी झाली, पायलट व्हायचंय, पण त्यासाठी घरची जमीन तारण ठेवावी का?

सई_पेडणे

नमस्कार सगळ्यांना. मी पेडणे तालुक्यातली, यंदा सायन्समधून बारावी झाले, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हीत मार्क चांगले आहेत. आमचं गाव मोपाच्या सड्याखालीच, पूर्वी आमची गुरं वर चरायला जायची, मग 2023 च्या जानेवारीत तिथून विमानं उडायला लागली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाहीच. पप्पा टॅक्सी चालवतात. एकदा एक कॅप्टन बाई त्यांच्या गाडीत बसल्या होत्या, पप्पा रात्री जेवताना चार वेळा तेच सांगत होते, मला तेव्हाच कळलं की त्यांच्याही मनात आहे.

अडचण पैशांची. सीपीएलचा, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सचा, खर्च 45-60 लाख सांगतात, टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठराविक प्रकारच्या विमानाच्या ट्रेनिंगचे, परत वेगळे. बँक म्हणते साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण द्या. जमीन आहे पण फॉर्म वन-फोर्टीनवर (आमच्याकडचा जमिनीचा उतारा) पप्पांबरोबर दोन काकांची नावं आहेत. मोठे काका सही द्यायला तयार आहेत, धाकटे म्हणतात मुलीसाठी एवढी रिस्क कशाला. मला थोडा चष्मा आहे, आणि प्राथमिक शाळा मराठीतून, पाचवीपासून इंग्लिश, त्यामुळे बोलताना अजून अडखळते. जे या लाइनमध्ये आहेत त्यांनी प्लीज सांगा तुम्ही कसे गेलात आणि मी सुरुवात कुठून करू.

फोंडेकर_320

सई, मी फोंड्याचा, सध्या एअरलाइनमध्ये एअरबस ए320 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. जमिनीचा विषय आत्ता बाजूलाच ठेव, काकांकडे सही मागायचीच नाही. आधी क्लास टू मेडिकल कर, ही पायलटांची पहिली तपासणी, डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) यादीतले डॉक्टर करतात, मग क्लास वन, ती सीपीएलसाठी लागते. चष्म्याला घाबरू नकोस, चष्मा लावून 6/6 दिसत असेल तर चालतं, फक्त उडताना जास्तीचा चष्मा जवळ ठेवावा लागतो. खरी भीती रंग न ओळखण्याची किंवा ज्याचा आपल्याला पत्ताच नसतो अशा हृदयाच्या वगैरे प्रॉब्लेमची. लोक आधी फी भरून मोकळे होतात आणि मग मेडिकलमध्ये अडकतात, त्यांच्या आईवडिलांचे चेहरे मी बघितलेत.

मेडिकल झालं की डीजीसीएचा कंप्युटर नंबर (परीक्षेसाठीचा नोंदणी नंबर) घे आणि पेपरांना बस. नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल, टेक्निकल स्पेसिफिक, प्रत्येकात 70 टक्के लागतात. हे सगळं विमानात पाय न ठेवता घरी बसून करता येतं आणि फ्लाइंगच्या मानाने खर्च काहीच नाही. पेपर निघाले म्हणजे तुला हे झेपतं हे तुलाही कळेल आणि धाकट्या काकांनाही, तेव्हा सहीचं बोल.

मग 200 तास फ्लाइंग. त्यातले 100 तू पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी तुझी, एक 300 नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री (लांबचं उड्डाण) दोन ठिकाणी उतरून, 5 तास रात्रीचे. बारामती, धुळे, गोंदिया आपल्या भाषेच्या मुलखात आहेत, पण नाव बघून जाऊ नको, तिथल्या मुलांना फोन करून विचार की आत्ता किती विमानं उडतायत आणि इन्स्ट्रक्टर किती आहेत. विमान मेंटेनन्सला उभं, पावसाळा, थंडीतलं धुकं, यातच महिने जातात आणि हॉस्टेल-मेसचा खर्च चालूच राहतो.

पहिला सोलो, म्हणजे एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण, मात्र सांगतोच. इन्स्ट्रक्टर दार उघडून उतरले, पट्टा परत बांधून ठेवला, बोट वर केलं आणि चालत निघून गेले. शेजारची सीट रिकामी. एका माणसाचं वजन कमी झालेलं, त्यामुळे सेसना, आमचं ट्रेनिंगचं छोटं विमान, रोजच्या जागेच्या आधीच जमीन सोडते, ते कोणी कितीही सांगितलं तरी अंगावर काटा येतोच. डाउनविंडला, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने उडताना, मी चेकलिस्ट मोठ्याने वाचत होतो, ऐकायला कोणी नव्हतं तरी.

आता जूनमध्ये मोपाला येतो तेव्हा कधी सड्यावर ढग असे बसलेले असतात की मिनिमम्सला, म्हणजे रनवे दिसल्याशिवाय ज्याच्या खाली जायचं नाही त्या उंचीला, पोचलो तरी रनवे दिसत नाही, खाली तुझा तालुका, पलीकडे माझं घर, आणि कॅप्टन गो-अराउंड म्हणतात. जायचं वर. वाट बघायची नाहीतर दुसरीकडे उतरायचं. हे काम आहे, आणि मला हेच हवं होतं.

वास्को_नेव्हीवाले

बाय, मी नौदलातून निवृत्त, बरीच वर्षं आयएनएस हंसावर, म्हणजे दाबोळीच्या नौदलाच्या विमानतळावर, होतो. फोंडेकरांनी चांगलं सांगितलं पण 60 लाखांचं कर्ज हा एकच रस्ता नाही. एनडीएत 2022 पासून मुली जातात. पुढे डिग्री करून नेव्हीत शॉर्ट सर्व्हिसनेही (ठराविक वर्षांची नोकरी) पायलट होता येतं, ट्रेनिंग सगळं सरकारी खर्चाने. सब लेफ्टनंट शिवांगी 2 डिसेंबर 2019 ला नेव्हीच्या पहिल्या महिला पायलट झाल्या, डॉर्नियर या टेहळणीच्या विमानावर. दाबोळीला डॉर्नियर आहेत, पी-8आय ही टेहळणीची मोठी विमानं आहेत, बोगमाळोचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम घरच्यांना घेऊन एकदा बघून ये.

दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेव. फौजेत पायलटसाठी डोळ्यांचे नियम सिव्हिलपेक्षा खूप कडक आहेत, जाहिरातीतला मेडिकलचा भाग नीट वाच. आणि सीपीएसएस म्हणून पायलट निवडायची कंप्युटरवरची टेस्ट असते, ती आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालं की फ्लाइंग ब्रँचचं दार बंद.

फोंडेकर_320

सरांचं मान्य, पण फौजेत फुकट उडायला मिळतं म्हणून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. तिथे आधी अधिकारी व्हायचं असतं. सईला वर्दी हवीय की एअरलाइन, हे तिनेच ठरवावं.

डिचोलीची_आई

सई बाळा, मी पायलट नाही, माझा मुलगा आहे. त्याच्या बापाचे ट्रक खाणीवर होते, 2012 ला खाणी बंद झाल्या आणि ट्रक विकले, त्यातून हात बाहेर काढताना हे स्वप्न आलं. मला फक्त मधल्या काळाबद्दल सांगायचंय कारण त्यावर कोणी बोलत नाही. सीपीएल हातात आलं आणि नोकरी नाही. एक एअरलाइन बंद पडली, हजारो तासांचे अनुभवी लोक रांगेत पुढे, आमचा 200 तासांचा पोरगा मागे. कर्जाचा हप्ता थांबत नाही आणि चवथीला घरी आलेले पाहुणे तेच विचारतात, अजून लागला नाही का. त्याने असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग केलं, मुलांना शिकवत तास वाढवले, मग लागला. त्यामुळे हिशेब करताना कोर्सची फी तर धराच, पण नोकरी लागेपर्यंतचे हप्ते कोण भरणार हेही पप्पांबरोबर कागदावर लिही. आणि गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज असतं, तुझा कोर्स त्यात बसतो का ते पप्पांना जाऊन विचारायला सांग.

आणि मुलीसाठी कशाला म्हणणाऱ्या काकांना सांग, आपल्या देशात पायलटांमध्ये बायका साधारण 15 टक्के आहेत, जगात त्याच्या निम्म्याहूनही कमी. कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी 1985 मध्ये सगळ्या बायकांच्या क्रूचं फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं होतं. तेव्हा तर तुझ्या पप्पांची शाळा चालू असेल.

सई_पेडणे

खूप खूप थँक्यू सगळ्यांना, पप्पांना सगळं वाचून दाखवलं. मला एअरलाइनच हवीय. क्लास टू साठी पुढच्या आठवड्यात मुंबईला जायचं म्हणतायत. इंग्लिशचं मात्र कोणी बोललं नाही?

फोंडेकर_320

रेडिओवरचं इंग्लिश ठरलेल्या वाक्यांचं असतं, आरटीआरची, म्हणजे रेडिओवर बोलायच्या लायसन्सची, तयारी करताना येतंच. रोज अर्धा तास मोठ्याने रीडबॅक, म्हणजे टॉवरने दिलेली सूचना परत म्हणून दाखवणं, म्हणत जा. पण इंटरव्ह्यूला आणि कॉकपिटमध्ये मोकळं बोलावं लागतं, इंग्लिशच्या लेव्हलचीही टेस्ट असते, त्यामुळे आत्तापासून कोणाशी तरी रोज बोल, चुकलं तर चुकू दे. मुंबईला जाताना चष्मा आणि नंबरचा कागद दोन्ही ने, आदल्या रात्री नीट झोप. रिझल्ट आला की इथेच लिही, पेपरांच्या नोट्स मी पाठवतो.