एरिया २ चे रूट एरिया ० मध्ये येत नाहीत, व्हर्च्युअल लिंक पण डाऊन

केबलगुंता:
मंडळी, ओएसपीएफमध्ये (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल, नेटवर्क एरियांत वाटलेलं) अडकलोय. आर१ राउटर एरिया ० मध्ये, आर२ वर एरिया ० आणि १, आर३ वर एरिया १ आणि २. आर२-आर३ नेबर फुल (पूर्ण जोडलेले) दिसतायत तरी एरिया २ मधलं १०.२.०.० आर१ च्या टेबलात येतच नाही. मग व्हर्च्युअल लिंक (मधल्या एरियातून एरिया ० पर्यंत काढलेली आभासी जोडणी) टाकली, दोन्हीकडे समोरच्याचा इंटरफेस आयपी दिला, तर तीही डाऊन. आणि मुळात दोन्ही एरिया आर३ वरच आहेत ना, मग इकडचं तिकडे सांगायला त्याला काय धाड भरलीय?

लूपबॅक_शून्य:
इंटरफेस आयपी नाही, राउटर आयडी (आयपीसारखा दिसणारा राउटरचा ओळख नंबर) द्यायचा, सगळे एकदा तिथेच आपटतात 😄 आणि कमांडमध्ये एरिया १ लिहा, २ नाही, कारण लिंक १ मधून जातेय.
का म्हणाल तर एरियाच्या आत सगळ्यांकडे पूर्ण नकाशा असतो, पण दोन एरियांच्या मधे नुसता सांगोवांगीचा कारभार, एबीआर (एरियांच्या सीमेवरचा राउटर) म्हणतो हे नेटवर्क माझ्याकडून एवढ्या कॉस्टला आणि पुढचा ते मानतो, म्हणजे डिस्टन्स व्हेक्टरच की. त्यात लूप होऊ नये म्हणून सगळं एरिया ० मधूनच. तुमच्या आर३ चा पाय ० मध्ये नाहीच, सिस्कोच्या हिशोबाने तो एबीआरच नाही, टाईप ३ (एका एरियाचे रूट दुसऱ्यात सांगणारा संदेश) काढणार कुठून?

हॉपमोजणी:
एरिया १ स्टब (ओएसपीएफबाहेरचे रूट आत न घेणारा) नाही ना? स्टबमधून ही लिंक जात नाही. असेल तर जीआरई टनेल (पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणारा) काढून तो एरिया ० मध्ये घाला, पण हेडरचे २४ बाइट जातात, एमटीयू (एका पॅकेटची कमाल साईज) १५०० चा १४७६ होतो. मला तरी टनेल नकोसाच वाटतो.

केबलगुंता:
स्टब नाही. आयडी दिला आणि अप झाली, रूट पण आला! मग आर३ वर एक लूपबॅक (राउटरमधला आभासी इंटरफेस) वाढवला, रीलोड मारला, परत डाऊन 🤦

लूपबॅक_शून्य:
आयडी बदलला असणार. हाताने दिला नसेल तर सगळ्यात मोठा लूपबॅक आयपी उचलतो. राउटर-आयडी फिक्स करा, आर२ वरही. एरिया ० ला ऑथेंटिकेशन असेल तर ते या लिंकलाही लागेल, ती ० चीच धरतात.

केबलगुंता:
तेच होतं, झालं आता. एरिया १ चेच मधून दोन तुकडे झाले तर?

हॉपमोजणी:
दोन्ही तुकड्यांना आपापला एबीआर असेल तर चालतं, दोन वेगळे एरिया असल्यासारखं. फक्त दोन्ही एबीआर एकच समरी रेंज (अनेक नेटवर्कांचा मिळून एक पत्ता) सांगत असतील तर पॅकेट चुकीच्या तुकड्यात जाऊन मरतात आणि पिंग कधी लागतो कधी नाही, ते शोधताना जीव जातो. (तुमची व्हर्च्युअल लिंक मात्र तेव्हा गेलीच, ती एरिया १ वरच उभी आहे.)